डेफर्ड टॅक्स दरवर्षी जुळत नाही? आधी मागच्या वर्षीचं रिटर्न उघडा

ताळेबंद सहीला जायच्या तोंडावर हमखास येणारी तक्रार अशी: चालू वर्षाचा कर बरोबर आहे, घसाऱ्याचा तक्ता दोनदा तपासलाय, दरही बरोबर आहे, तरी डेफर्ड टॅक्सचा (पुस्तकातला नफा आणि करपात्र उत्पन्न यांतल्या तात्पुरत्या फरकावरच्या कराचा) आकडा ऑडिटरच्या वर्किंगशी जुळत नाही. फरक चार-पाच लाखांचा. मग वेळ नाही म्हणून तो फरक ‘राउंडिंग व इतर’ या ओळीत टाकला जातो आणि पुढच्या मार्चनंतर तीच तक्रार पुन्हा उभी राहते, बहुतेक वेळा थोडी मोठी होऊन.

दरवर्षी येणाऱ्या या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा चालू वर्षात नसतंच. ते मागच्या वर्षी केलेली तरतूद आणि नंतर प्रत्यक्ष भरलेलं रिटर्न यांच्या मधल्या अंतरात असतं. ताळेबंद जून-जुलैमध्ये सही होतो, टॅक्स ऑडिट सप्टेंबरअखेर होतं, कंपनीचं रिटर्न ऑक्टोबरअखेर जातं. या तीन-चार महिन्यांत कॉम्प्युटेशनचे (करपात्र उत्पन्नाच्या हिशेबाचे) आकडे बदलतात. चालू कराचा फरक आपोआप समोर येतो, कारण तिथे पैसे भरावे लागतात. डेफर्ड टॅक्सचा फरक कोणी मागत नाही, त्यामुळे तो तसाच खात्यात बसून राहतो.

खालचं सगळं मुख्यतः लेखा मानक २२ (आयकराच्या हिशेबाचं भारतीय मानक) पाळणाऱ्या खासगी कंपन्यांसाठी आहे. इंड एएसवाल्यांसाठी (आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळवलेली भारतीय मानकं पाळणाऱ्यांसाठी) शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे. कलमांचे आकडे आणि नियम १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत.

फरकाला आधी दराने भागा

एक्सेलमध्ये सेल-सेल तपासत बसण्याआधी एकच गोष्ट करा. न जुळणारी रक्कम तुमच्या कराच्या दराने भागा. डेफर्ड टॅक्स म्हणजे शेवटी ‘फरकाची रक्कम गुणिले दर’ एवढंच असल्यामुळे भागाकारातून येणारा आकडा बहुतेक वेळा लेजरमध्ये, थ्री-सीडीमध्ये (टॅक्स ऑडिटच्या तपशिलाच्या फॉर्ममध्ये) किंवा घसाऱ्याच्या तक्त्यात जसाच्या तसा सापडतो. स्वच्छ, गोल आकडा आला तर अर्धं काम झालं. आलेल्या आकड्याची निम्मी रक्कम एखाद्या ओळीशी जुळत असेल, तर त्या ओळीचं चिन्ह उलटं लागलंय: अधिकच्या जागी उणे किंवा उण्याच्या जागी अधिक. आणि भागाकार कशाशीच जुळत नसेल, तर बहुधा दरच बदललेला आहे. त्याकडे नंतर येतो.

उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी बेतलेले आहेत, पण चाकण किंवा सातपूरच्या एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या प्रेस-शॉपमध्ये अशीच रचना दिसते. कंपनी कलम ११५बीएए (काही सवलती सोडून कमी दर घेण्याची सोय) खाली आहे, म्हणजे २२ टक्के कर, त्यावर १० टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण २५.१६८ टक्के. सगळ्या रकमा लाख रुपयांत.

३१ मार्च २०२४ ला पुस्तकातली यंत्रसामग्री वगैरे घसाराक्षम मालमत्ता ८४०, आयकराची डब्ल्यूडीव्ही (घसारा वजा जाता उरलेली किंमत) ६१०. फरक २३०, हा डीटीएलच्या (डेफर्ड टॅक्स लायबिलिटी, पुढे द्यायचा कर) बाजूचा. न भरलेली ग्रॅच्युइटी तरतूद ६२, रजा रोखीकरण १४, सूक्ष्म व लघु पुरवठादारांची मुदत उलटलेली देणी ३८. बेरीज ११४, ही डीटीएच्या (डेफर्ड टॅक्स ॲसेट, पुढे वाचणारा कर) बाजूची. निव्वळ ११६, गुणिले २५.१६८ टक्के, म्हणजे २९.१९ लाखांचा डीटीएल. हाच आकडा ताळेबंदात गेला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये रिटर्न भरताना दोन गोष्टी बदलल्या. १२० लाखांची एक प्रेस पुस्तकात सप्टेंबरची धरली होती, पण कमिशनिंगच्या कागदावर तारीख निघाली २० ऑक्टोबर २०२३. वापर १८० दिवसांपेक्षा कमी, म्हणून घसारा १५ ऐवजी साडेसात टक्के, १८ लाखांऐवजी ९ लाख. आयकराची डब्ल्यूडीव्ही त्यामुळे ६१० न राहता ६१९ झाली. दुसरं, टॅक्स ऑडिटमध्ये उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी असलेले आणखी पुरवठादार निघाले आणि ३८ चे ४६ झाले. दोन्ही मिळून करपात्र उत्पन्न १७ ने वाढलं. त्यावर ४.२८ लाख जास्तीचा कर, अधिक व्याज, भरला गेला.

आता खरा ओपनिंग (वर्षारंभीची शिल्लक) काय? मालमत्तेचा फरक ८४० वजा ६१९, म्हणजे २२१. वजावटीच्या बाजूला ६२ अधिक १४ अधिक ४६, म्हणजे १२२. निव्वळ ९९. त्यावर २४.९२ लाख. खात्यात मात्र २९.१९ बसलेले आहेत. ४.२८ लाख जादा, आणि याला अजून कोणी हात लावलेला नाही.

चालू वर्षात हा फरक कसा वर येतो

२०२४-२५ चं वर्किंग करताना निम्मे लोक वर्षभराच्या हालचालीवरून जातात. आयकराचा घसारा ११८, पुस्तकातला ९६, फरक २२. ग्रॅच्युइटी ९ ने वाढून ७१, रजा २ ने वाढून १६, पुरवठादारांची देणी ४६ वरून १२, म्हणजे ३४ ने कमी. २२ वजा ९ वजा २ अधिक ३४, निव्वळ ४५. गुणिले दर, ११.३३ लाख. हे ११.३३ नफा-तोटा पत्रकाला नावे टाकून ओपनिंगमध्ये मिळवले की क्लोजिंग येतो ४०.५२.

उरलेले निम्मे, आणि बहुतेक ऑडिटर, वर्षअखेरच्या शिल्लक फरकांवरून जातात. वर्षात दोन्हीकडे १५० ची भर पडली, त्यामुळे पुस्तकातली मालमत्ता ८९४ आणि आयकराची डब्ल्यूडीव्ही ६५१. फरक २४३. वजावटीच्या बाजूला ७१ अधिक १६ अधिक १२, म्हणजे ९९. निव्वळ १४४. त्यावर ३६.२४ लाख.

४०.५२ आणि ३६.२४. फरक ४.२८. दराने भागा: १७. हेच ते ९ अधिक ८.

दोघांचंही गणित चुकलेलं नाही. हालचालीच्या पद्धतीने फक्त चालू वर्ष पाहिलं, शिल्लकेच्या पद्धतीने आजची परिस्थिती पाहिली. मधे मागच्या वर्षीच्या तरतुदीची दुरुस्ती राहून गेली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की डेफर्ड टॅक्स कायम वर्षअखेरच्या शिल्लक फरकावरून काढावा आणि हालचालीची पद्धत फक्त पडताळणीसाठी ठेवावी. लेखा मानक २२ ची मांडणी नफा-तोट्यातल्या कालावधीच्या फरकांवर आहे हे खरं, पण त्या फरकांची साचलेली शिल्लकच ताळेबंदात येते. शिल्लक सिद्ध झाली की खर्चाचा आकडा वजाबाकीने येतो. उलट दिशेने गेलात तर मागची प्रत्येक चूक पुढे वाहत येते आणि पाच वर्षांनी ती कुठून आली हे कोणालाच सांगता येत नाही.

नोंद दोन तुकड्यांत करा आणि तुकडे वेगळेच दाखवा. मागील वर्षांचा आयकर नावे ४.२८, आयकर तरतूद जमा ४.२८. त्याच्याच शेजारी डेफर्ड टॅक्स लायबिलिटी नावे ४.२८, नफा-तोट्यात मागील वर्षांचा डेफर्ड टॅक्स जमा ४.२८. चालू वर्षाचे ११.३३ तिसऱ्या ओळीत. डेफर्ड टॅक्सचा निव्वळ परिणाम ७.०५, क्लोजिंग ३६.२४.

पहिल्या नोंदीत एक खबरदारी. रिटर्नबरोबर भरलेल्या रकमेत २३४बी आणि २३४सीचं व्याजही असतं. ते आधी बाहेर काढा. व्याजासकट आकडा घेऊन दराने भागलात तर १७ येणार नाही आणि तुम्ही उगाच तिसरा फरक शोधत बसाल.

कराच्या दराची पडताळणी हीच खरी परीक्षा

डेफर्ड टॅक्स बरोबर आहे की नाही, हे पाहायचा माझ्या मते सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे करपूर्व नफ्यावरून एकूण कराकडे जाणारी पडताळणी. लेखा मानक २२ खाली ती टिपांमध्ये छापावी लागत नाही, इंड एएसमध्ये लागते. छापा किंवा नका छापू, फाइलमध्ये ती असायलाच हवी.

आपल्या उदाहरणात करपूर्व नफा ६४० धरू. कायमस्वरूपी नामंजूर खर्च १५: सीएसआर ११, कामगारांच्या वाट्याचा उशिरा भरलेला पीएफ ३, दंड १. कालावधीचे फरक वजा ४५. करपात्र उत्पन्न ६१०, चालू कर १५३.५२. त्यात डेफर्ड ११.३३ मिळवा: १६४.८५. दुसऱ्या बाजूने पाहा: ६४० अधिक १५, म्हणजे ६५५, गुणिले २५.१६८ टक्के. १६४.८५. जुळलं. मागील वर्षांच्या दोन नोंदी एकमेकींना शून्य करतात, म्हणून त्यांचा एकूण करावर परिणाम नाही. नफ्याशी प्रमाण २५.७६ टक्के.

आता यातली एकच बाजू नोंदवली तर काय दिसतं ते पाहा. मागील वर्षांचा चालू कर घेतला पण डेफर्ड दुरुस्त केला नाही, तर एकूण कर १६९.१३ आणि प्रमाण २६.४३ टक्के. उलट, डेफर्ड शिल्लकेच्या पद्धतीने ७.०५ घेतला पण मागील वर्षांचा चालू कर ॲडव्हान्स टॅक्सच्या खात्यातच पडून राहिला, तर एकूण १६०.५७, प्रमाण २५.०९ टक्के.

हा दुसरा आकडा नीट पाहा. तो कायद्यातल्या दरापेक्षाही कमी आहे. कायमस्वरूपी नामंजुरी प्रमाण वरच नेते, खाली कधीच आणत नाही. प्रमाण खाली यायला करमुक्त उत्पन्न हवं, कमी दराचा भांडवली नफा हवा, ११५बीएए मध्येही चालणाऱ्या ८०जेजेएए, ८०एम सारख्या वजावटी हव्यात, किंवा डीटीए न घेतलेला जुना तोटा वजा झालेला किंवा दर बदललेला हवा. यातलं काहीच नसताना प्रमाण दराखाली गेलं असेल तर कुठेतरी चूक आहेच. ऑडिटरने विचारायची वाट पाहू नका.

दर बदललेला असतो तेव्हा

भागाकारातून ओळखीचा आकडा येत नसेल तर दोन दरांमधल्या फरकाने भागून पाहा. जी कंपनी ११५बीएए मध्ये नाही आणि २५ टक्क्यांच्या गटात बसते, तिचा प्रत्यक्ष दर उत्पन्नाप्रमाणे हलतो: १ कोटीपर्यंत २६ टक्के, १ ते १० कोटींमध्ये २७.८२, त्यावर २९.१२. अशी कंपनी ११५बीएए मध्ये आली की दर २५.१६८ वर स्थिर होतो, कारण तिथे अधिभार उत्पन्न कितीही असलं तरी १० टक्केच आहे. २७.८२ आणि २५.१६८ मधला फरक २.६५२ टक्के. न जुळणारी रक्कम याने भागून ओपनिंगचा निव्वळ फरक मिळाला, तर रोग सापडला: जुन्या शिल्लकेला नवा दर लावायचा राहिला आहे. ९९ च्या ओपनिंगवर हा परिणाम २.६३ लाख.

ही चूकही हालचालीच्या पद्धतीचंच अपत्य आहे. वर्षभराच्या फरकाला नवा दर लागतो आणि आधीची सगळी शिल्लक जुन्याच दराने पडून राहते. दर बदलला की संपूर्ण शिल्लक नव्या दराने मोजायची, हा नियम आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने कंपनी कराचे दर उतरवले, तेव्हा सप्टेंबर तिमाहीच्या निकालांत हे देशभर दिसलं. ज्यांच्याकडे डीटीएल मोठा होता त्यांना फायदा दिसला, डीटीए मोठा असलेल्या काही बँकांना एकरकमी फटका बसला. कर कमी झाल्यावर तोटा कसा, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला होता. पुढे जी वजावट मिळणार आहे तिचंच मोल कमी झालं, म्हणून.

११५बीएए मध्ये येताना आणखी दोन शिल्लका तपासा. १९६१ च्या कायद्याप्रमाणे मॅट क्रेडिट (किमान पर्यायी कर भरल्याबद्दल पुढे मिळणारी सूट) पुढे वापरता येत नाही. ते मालमत्तेच्या बाजूला दिसत असेल तर निर्लेखित करावं लागेल. आणि अतिरिक्त घसाऱ्यासारख्या सोडलेल्या सवलतींमधून तयार झालेला तोटा पुढे वजा होत नाही, म्हणजे त्यावरचा डीटीएही गेला. फॉर्म १०-आयसी (११५बीएए निवडल्याचा फॉर्म) मुदतीत भरल्याची पावती डेफर्ड टॅक्सच्याच फाइलमध्ये लावून ठेवा. त्या एका फॉर्मवर अख्ख्या शिल्लकेचा दर उभा आहे.

कायमचा फरक आणि तात्पुरता फरक यांची सरमिसळ

कॉम्प्युटेशनमध्ये नामंजूर खर्चांची यादी एकाखाली एक असते. ती पूर्ण यादी उचलून डेफर्ड टॅक्सच्या शीटमध्ये चिकटवली की घोटाळा होतो. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: ही रक्कम पुढे कधीतरी वजावट म्हणून मिळणार आहे का?

कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ आणि ईएसआय हा इथला सर्वात मोठा चकवा. तो ठरलेल्या तारखेनंतर भरला तर वजावट कायमची जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात हे पक्कं केलं. त्यामुळे त्यावर डीटीए नाही. कंपनीच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ मात्र ४३बी खाली येतो आणि भरल्यावर मिळतो, त्यामुळे त्यावर डीटीए. दोन्ही रकमा एकाच चलनात, बऱ्याचदा एकाच लेजरमध्ये असतात. थ्री-सीडीतल्या २०(बी) आणि २६ या दोन क्लॉजमधून त्या वेगळ्या काढा, लेजरमधून नको.

सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचंही तसंच. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ४३बी(एच) लागू आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवस, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस. ती मुदत उलटली की वजावट पैसे दिलेल्या वर्षातच. बोनस किंवा जीएसटीसारखी ‘रिटर्नच्या आधी भरलं तर चालतं’ ही सोय इथे नाही. म्हणजे मुद्दल रकमेवर डीटीए येतो आणि पुढच्या वर्षी पैसे दिले की उलटतो. पण त्याच उशिरावर एमएसएमईडी कायद्याखाली (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा) लागणारं व्याज कधीच वजावट म्हणून मिळत नाही. मुद्दल तात्पुरतं, व्याज कायमचं. एकाच पुरवठादाराच्या एकाच बिलात दोन्ही प्रकार आहेत.

३१ मार्चला येणं दिसतंय म्हणून प्रत्येक बिल यादीत घालू नका. मार्चच्या मध्यावरचं ४५ दिवसांचं बिल एप्रिलअखेर मुदतीत चुकतं केलं तर ते त्याच वर्षी मंजूर आहे. मध्यम उद्योग यात येत नाहीत. उद्यमच्या मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वाढल्या, त्यामुळे काल मध्यम असलेला पुरवठादार आज लघु असू शकतो. यादी दरवर्षी नव्याने घ्या. माझ्या पाहण्यात तरतूद आणि रिटर्न यांच्यातला फरक सर्वात जास्त याच ओळीत निघतो, कारण पर्चेसकडे उद्यमची प्रमाणपत्रं असतात, अकाउंट्सकडे नसतात.

टीडीएस न कापल्यामुळे ४०(ए)(आयए) खाली नामंजूर झालेले ३० टक्के तात्पुरते आहेत, पण तो टीडीएस खरोखर भरण्याचा कंपनीचा इरादा असेल तरच. टीडीएसवरचं व्याज कायमचं नामंजूर. सीएसआर, दंड कायमचे. व्हीआरएस किंवा विलीनीकरणाचा खर्च पुस्तकात एका वर्षात जातो आणि आयकरात पाच हप्त्यांत मिळतो. त्यावरचा डीटीए तिसऱ्या-चौथ्या वर्षी, शीट नव्या माणसाकडे गेली की हटकून विसरला जातो.

मालमत्तेच्या बाजूला काय पाहायचं

दोन तक्ते शेजारी ठेवून तुलना करताना काही गोष्टी दोन्हीकडून काढाव्या लागतात. फ्रीहोल्ड जमीन आयकराच्या ब्लॉकमध्ये (एकाच दराने घसारा मिळणाऱ्या मालमत्तांच्या गटात) नसते, पुस्तकातल्या एकूण आकड्यात मात्र असते. चालू भांडवली काम दोन्हीकडून बाहेर. मालमत्तेचा एकूण निव्वळ आकडा ताळेबंदातून उचलला की जमीन आत येते आणि डीटीएल फुगतो. न जुळणारा आकडा भागल्यावर जमिनीची किंमत समोर आली, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

विक्रीचं वेगळं. पुस्तकात जुनी मशीन विकली की त्या मशीनचा नफा किंवा तोटा लगेच येतो. आयकरात विक्रीची रक्कम ब्लॉकमधून वजा होते आणि ब्लॉक पुढे चालू राहतो. हालचालीच्या पद्धतीत फक्त दोन घसाऱ्यांची तुलना होते आणि विक्रीचा हा फरक निसटतो. शिल्लकेच्या पद्धतीत तो आपोआप येतो, वेगळं काही करावं लागत नाही. पद्धत बदलायला हे एक कारणही पुरेसं आहे.

आणि आयकराची डब्ल्यूडीव्ही नेहमी भरलेल्या रिटर्नमधून घ्या. टॅक्स ऑडिटच्या सॉफ्टवेअरमधला ओपनिंग मागच्या वर्षीच्या मसुद्यातला असू शकतो. रिटर्न सुधारलं असेल तर सुधारलेलं. छाननीत घसारा कमी केला असेल आणि अपील चालू असेल, तर कोणता आकडा धरला आणि का, हे शीटवर लिहून ठेवा. संभाव्य देण्यांच्या टिपेतही तीच भूमिका दिसली पाहिजे.

तोटा असताना डीटीए किती घ्यायचा

हा गणिताचा प्रश्न नाही, पुराव्याचा आहे, आणि इथे मी कडक बाजूने उभा राहतो. न वजा झालेला घसारा किंवा व्यवसायाचा तोटा पुढे ओढायचा असेल तर लेखा मानक २२ जवळजवळ पूर्ण खात्री मागतं, तीही ठोस पुराव्यासह. व्यवस्थापनाचं पुढच्या पाच वर्षांचं अंदाजपत्रक हा एकटा पुरावा चालत नाही. मानकानेच दिलेलं उदाहरण आहे ते फायद्याच्या, बंधनकारक निर्यात ऑर्डरचं, जी रद्द केली तर भारी भरपाई द्यावी लागेल. असं काही हातात नसेल तर डीटीए तेवढाच घ्या जेवढा डीटीएल पुढे उलटणार आहे, त्यापलीकडे नको. न वजा झालेला घसारा कितीही वर्षं पुढे नेता येतो, व्यवसायाचा तोटा आठच वर्षं. म्हणून दोन्ही एका ओळीत ठेवू नका. ज्या वर्षी तोट्याची मुदत संपते त्या वर्षी त्यावरचा डीटीए जातो, आणि तीच त्या वर्षीची ‘न सापडणारी’ रक्कम असते.

न घेतलेला डीटीएही रजिस्टरमध्ये लिहा, शिल्लक शून्य दाखवून. पुढे कंपनी नफ्यात आली आणि जुना तोटा वजा झाला की कराचं प्रमाण एकदम खाली येतं. ही शीट नसेल तर ते का आलं हे सांगायला काहीच हाती राहत नाही.

इंड एएस पाळत असाल तर

तिथे तुलना पुस्तकी मूल्य आणि करमूल्य यांची आहे, त्यामुळे शिल्लकेची पद्धतच मूळ पद्धत आहे. वारंवार सापडणाऱ्या जागा तीन. ग्रॅच्युइटीचा ॲक्च्युरिअल नफा-तोटा ओसीआयमध्ये (नफा-तोट्याबाहेर दाखवल्या जाणाऱ्या इतर सर्वंकष उत्पन्नात) जातो, तर त्यावरचा करही तिथेच गेला पाहिजे. सगळा नफा-तोट्यात टाकला की पडताळणी नेमकी तेवढ्याने चुकते. दुसरी, भाडेपट्टे. १ एप्रिल २०२३ पासून वापराधिकार मालमत्ता आणि भाडेपट्ट्याचं देणं यांवरचा डेफर्ड टॅक्स सुरुवातीच्या सवलतीत बसत नाही, दोन्ही बाजू टिपांमध्ये वेगळ्या दाखवाव्या लागतात. तिसरी, जमीन. इंडेक्सेशनमुळे (महागाईच्या प्रमाणात खरेदी किंमत वाढवून धरल्यामुळे) करमूल्य पुस्तकी मूल्यापेक्षा जास्त होतं, म्हणून अनेकांनी डीटीए घेतला होता. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला कंपन्यांसाठी इंडेक्सेशन उरलं नाही आणि दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के दर आला. ११५बीएए मध्ये अधिभार-उपकरासह तो १४.३ टक्के होतो. जुना डीटीए शीटमध्ये अजून असेल तर तो काढा, आणि जमिनीच्या ओळीला २५.१६८ लावू नका.

रजिस्टर कसं ठेवायचं

एक शीट, प्रत्येक फरकाला एक ओळ, आणि रकाने या क्रमाने: मागच्या ताळेबंदातला फरक, रिटर्नप्रमाणे फरक, दोन्हींतली दुरुस्ती, वर्षातली वाढ, वर्षातली उलट, क्लोजिंग फरक, दर, क्लोजिंग डेफर्ड टॅक्स. रिटर्नचा रकाना मार्चनंतर भरायचा नाही. रिटर्न अपलोड झालं त्याच आठवड्यात, कॉम्प्युटेशन डोळ्यासमोर असताना भरायचा. ४.२८ लाखांची ती नोंद नोव्हेंबरमध्येच झाली तर वर्षअखेरीला शोधायला काही उरत नाही.

क्लोजिंग फरकाच्या रकान्यातली प्रत्येक रक्कम कुठल्या तरी दुसऱ्या कागदाशी जुळली पाहिजे: ग्रॅच्युइटी ॲक्च्युअरीच्या दाखल्याशी, मालमत्ता दोन घसारा तक्त्यांशी, पुरवठादार मुदत उलटलेल्या बिलांच्या यादीशी, तोटा रिटर्नमधल्या पुढे ओढलेल्या तोट्याच्या तक्त्याशी. ज्या ओळीला असा जोडीदार कागद नाही ती ओळ संशयित समजा.

ओळींना कलमांची नावं देऊ नका. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आणि कलमांचे आकडे बदलतात. ‘४३बी(एच)’ ऐवजी ‘सूक्ष्म-लघु पुरवठादार, मुदत उलटलेली मुद्दल’ असं लिहिलंत तर तीच ओळ पुढच्या वर्षीही चालेल आणि शीट नव्या माणसाकडे गेली तरी तिचा अर्थ त्याला कळेल.